फळीवरचा फेब्रुवारी

सरांना 'किती वाजता याल?' असं विचारणारा माणूस एक तर नवखा असायचा, नाही तर त्यांची बायको. "सहा ते पावणेआठ," सर फोनवर सांगायचे, "आणि कधीकधी त्याच्याही बाहेर." पलीकडून काकूंचा आवाज माझ्या टेबलापर्यंत यायचा, "अहो, पोळ्या कधी टाकू तेवढं सांगा!" ह्यावर सर खरोखर विचारात पडत. पावसाची शक्यता, यमुनेच्या पुलावरची गर्दी, बसचा ड्रायव्हर कालचाच आहे की बदललाय, सगळं मनात घोळवून शेवटी म्हणत, "पहिली सातला टाक. सुधारणा कळवतो."

काकूंची ह्यावर एक ठरलेली कहाणी होती. "मला बघायला आले, तेव्हा मुलगी पसंत आहे का असं विचारलं, तर हे म्हणाले, बहुतेक! माझ्या वडिलांनी तिथेच उठायला हवं होतं." सर शेजारी बसून शांतपणे म्हणायचे, "तेव्हा माहिती कमी होती." "आणि आता?" "आता अंदाज बराच पक्का झालाय." काकू 'चला, उशिरा का होईना' म्हणत स्वयंपाकघरात जायच्या. ह्याहून प्रेमाचं काही त्या घरात कुणी बोललं असेल असं मला वाटत नाही.

आमचे सर दिल्लीतल्या एका खासगी आर्थिक संशोधन संस्थेत अंदाज विभागाचे प्रमुख होते. विभाग म्हणजे ते, मी, दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. तो छापायला लागला की शेजारच्या खोलीतले लोक दार लावून घ्यायचे. मी पुण्याहून संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेली, लग्न होऊन फरीदाबादला आलेली. सर मात्र दिल्लीचेच. जन्म, शाळा, मुंज सगळं सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये. त्यांची मराठी घरचीच, पण दिल्लीत चांगली मुरलेली. "बिल्कुल फालतू ग्राफ काढलायस, यार," असं ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले, तेव्हा मी लाजून लाल झाले होते. पुण्यात कुठल्या सरांनी मला 'यार' म्हटलं असतं, तर आमच्या घरी बैठक बसली असती.

त्यांनी आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षं सरकारच्या आकडेखात्यात काढली आणि परवाना पद्धत मोडीत निघायला लागली तशी मुदतीआधी निवृत्ती घेऊन ते ह्या संस्थेत आले. का आलात, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "पूर्वी कारखानदाराला सरकार सांगायचं, तू इतकाच माल बनव. त्याला भविष्याची गरज नव्हती, अर्जाची गरज होती. आता त्याला कुणीच काही सांगत नाही. बिचारा रोज सकाळी उठतो आणि घाबरतो. अब आएगा मज़ा!" मजा कुणाला, ते मी विचारलं नाही.

त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर फ्रेम लावलेले कागद होते. नवीन माणसाला वाटायचं, प्रशस्तिपत्रं असतील. जवळ जाऊन पाहिलं की कळायचं, ही सरांची आजवरची सगळ्यात वाईट भाकितं. सिमेंटचा तुटवडा होईल म्हणाले त्या वर्षी गोदामं ओसंडून वाहिली. स्कूटरची मागणी बसेल म्हणाले आणि गल्लोगल्ली स्कूटर दिसायला लागल्या. पाहुणा आला की सर उठून हौसेने एकेक फ्रेम दाखवायचे. "आणि ही बघा, ही तर लाजवाब चुकली!" आमचे डायरेक्टरसाहेब परदेशी मंडळी यायच्या आदल्या दिवशी गुपचूप त्या फ्रेमा उतरवून घ्यायचे. सर दुसऱ्या दिवशी त्या तितक्याच गुपचूप परत टांगायचे. दोघं ह्या विषयावर एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत.

लोक त्यांना भविष्य विचारायला यायचेच. ती वर्षंच तशी होती. चहावाल्यापासून साहेबांपर्यंत ज्याला त्याला शेअरचं वेड लागलेलं. कुणी कानाशी येऊन कुजबुजलं, "सर, कौन सा लूँ?" की सर मोठ्याने उत्तर द्यायचे, "अरे भाई, मुझे पता होता तो मैं चार्टर्ड बस से आता?"

ही चार्टर्ड बस म्हणजे त्यांची खरी प्रयोगशाळा. मयूर विहारहून सकाळी निघायची, सगळे ठरलेले नोकरदार, प्रत्येकाची ठरलेली जागा. सर रोज सगळ्यांना विचारायचे, आज बस किती वाजता पोचेल? प्रत्येकाचं उत्तर घेऊन मनातल्या मनात सरासरी काढायचे. एकेकाचं उत्तर हमखास चुकायचं. वीज मंडळातले गृहस्थ नेहमी लवकरची वेळ सांगायचे, बँकेतल्या बाई नेहमी उशिराची. पण सगळ्यांची सरासरी मात्र बरोबर वेळेच्या आसपास जायची. "एका डोक्याची चूक दुसरं डोकं खातं," सर म्हणायचे. "म्हणून कुणा एका शहाण्याचं ऐकू नये. सगळ्या येड्यांचं मिळून ऐकावं."

आमची कामाची पद्धत त्यांनी मला ह्या बसवरूनच समजावली. आमच्याकडे आकड्यांच्या शेकडो माळा होत्या. सिमेंट किती गेलं, वीज किती वापरली, मालगाडीचे किती डबे भरले, पोलाद, खत, बँकांची कर्जं, बंदरात उतरलेली मशिनं. प्रत्येकाचा दर महिन्याला एक आकडा, आणि असे कित्येक वर्षांचे. मी हौसेने त्या सगळ्या एकाच समीकरणात कोंबल्या, तर कॉम्प्युटर अर्धा दिवस गुरगुरला आणि त्याने जे उत्तर दिलं त्यात सगळा देश मार्चपर्यंत बुडणार होता. सर पोट धरून हसले. मग म्हणाले, "हे बघ, बसमध्ये प्रत्येकजण रोज कुरकुरतो. एकाचा पोरगा नापास झालाय, एकीची सासू आलीय, एकाचं प्रमोशन अडलंय. ते ज्याचं त्याचं घरगुती. पण एखाद्या दिवशी अख्खी बसच थोडी जास्त कुरकुरते. कुणी पाण्याचं नाव घेतं, कुणी भाजीचं, पण आतून सगळ्यांचं दुखणं एकच असतं. ती सामायिक कुरबुर शोध. शेकडो माळांतून दोन-तीन सामायिक कुरबुरी काढ. बाकी घरगुती आहे, सोडून दे."

पुढे मी ह्याच गोष्टीची मोठमोठी शास्त्रीय नावं शिकले, परिषदांत त्यावर बोललेही. पण डोक्यात अजून 'सामायिक कुरबुर' असंच येतं. एकदा तर व्यासपीठावर तोंडातून निघूनही गेलं.

सरांचा सगळ्यात कडक नियम होता कुलपाचा. ताज्या दोन वर्षांचे आकडे मी टाइप केले की फ्लॉपी लोखंडी कपाटात जायची आणि किल्ली अकाउंट्सच्या मॅडमकडे. जुन्या वर्षांवर आम्ही आमचं गणित बसवायचं, घासायचं, पुसायचं, आणि सगळं झाल्यावर एकदाच, एकदाच बरं का, कुलूप काढून बघायचं की ह्या गणिताने ती दोन वर्षं ओळखली असती का. "आधी बघून मग ओळखलं म्हणणं म्हणजे पेपर फोडून पहिला नंबर काढणं," सर म्हणायचे. "असले पहिले नंबरवाले दिल्लीत पैशाला पासरी आहेत."

आता माझं दुखणं सांगते. माझा नवरा फरीदाबादला ट्रॅक्टरचे गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात दुसऱ्या पाळीचा इंजिनिअर होता. ट्रॅक्टरचा बाजार थंडावला होता आणि मालकांनी दुसरी पाळी बंद करायचं मनात घेतलं होतं. पाळी गेली की तिच्यातली माणसं गेली, त्यात आमचा संसारही गेला, कारण मी संस्थेत कंत्राटावर होते आणि माझ्या पगारात घरभाडं भागेल न भागेल अशी गत होती. आणि योगायोग कसा, तर त्याच मालकांनी आमच्या संस्थेला काम दिलं: येत्या हंगामात माल उठेल का, ते सांगा. उत्तरावर पाळी राहणार की जाणार हे ठरणार होतं.

मी पहिल्याच दिवशी सरांना सगळं सांगून टाकलं. सर थोडा वेळ पेनाने कान खाजवत बसले. "अच्छा. मग तू आकडे भर, तपास. शेवटचं उत्तर मी काढेन. आणि घरी काही बोलायचं नाही." मी मान डोलावली. घरी मी बोलले नाही, पण नवरा काय माझं तोंड वाचत नव्हता? रोज रात्री मी भाजी वाढताना माझ्याकडे बघायचा आणि काही न विचारता जेवायचा.

गणित झालं. कुलूप काढायचा दिवस आला. अकाउंट्सच्या मॅडम किल्ली घेऊन स्वतः आल्या, सणाला आल्यासारख्या. आम्ही फ्लॉपी घातली, आणि काय सांगू, आमच्या गणिताने ती दोन्ही वर्षं अशी ओळखली की खरी रेघ आणि आमची रेघ पडद्यावर वेगळी दिसेना. त्याच गणिताने पुढचा हंगामही सांगितला: माल उठणार, चांगला उठणार, आणि चुकायची शक्यता नगण्य. मी टेबलाखाली मूठ आवळली. डायरेक्टरसाहेबांनी समोसे मागवले. नवऱ्याला मी काही सांगितलं नाही, पण त्या दिवशी घरी शिरा केला, तेवढ्यावरून तो काय ते समजला.

सर मात्र उदास झाले. अगदी सुतकी चेहरा. समोसा हातात धरून पडद्याकडे बघत म्हणाले, "इतकं जुळतं? नाही यार. इतकं कोण जुळवून देतं? कहीं ना कहीं पेपर फुटलाय." कुलूप शाबूत, किल्ली शाबूत, फ्लॉपी शाबूत. मी सगळं पुन्हा तपासलं. काही मिळेना. दोन दिवसांनी काकूंचा मला फोन. "अगं, तुमचं काम इतकं चांगलं झालंय म्हणे, मग हे जेवत का नाहीत? रविवारी तू ये बाई, तू सांगितलंस तर दोन घास खातील."

सरांचा फ्लॅट मयूर विहारच्या एका सोसायटीत होता. सगळी सोसायटी सरांच्याच जुन्या आकडेखात्यातल्या लोकांची. प्लास्टर अजून ओलं वाटावं इतकी नवी. लिफ्टचं भोक तयार, लिफ्टचा पत्ता नाही. मी धापा टाकत वर गेले. काकूंना म्हटलं, तुम्ही बसा, पोहे मी करते. पोह्यांचा डबा काढायला फळीकडे हात घातला. फळीवर अंथरलेला कागद खात्याच्या जुन्या मासिक पत्रकाचा होता. जाड, छान कागद. काकू म्हणायच्या, "ह्यांच्या खात्याने देशाला काय दिलं ते देवाला ठाऊक, आमच्या फळ्यांना मात्र कागद दिला." डब्याच्या गोल डागाशेजारी मला आमच्या लग्नाचा महिना दिसला. फेब्रुवारी. औद्योगिक उत्पादन, त्या महिन्याचा आकडा: घसरलेला.

घसरलेला? हा आकडा मी स्वतः टाइप केला होता. आमच्या लग्नाचा महिना म्हणून माझ्या चांगला लक्षात होता, आणि तो वर गेलेला होता! मी तशीच उभी राहिले, हातात पोह्यांचा डबा. मग लख्ख उजेड पडला. सरकारी आकडा आधी तात्पुरता येतो. उरलेल्या कारखान्यांची माहिती आली की वर्षभराने दुरुस्त होऊन नवीन पुस्तकात छापला जातो. मी टाइप केलं होतं ते नव्या पुस्तकातून. म्हणजे आमच्या गणिताला आम्ही प्रत्येक महिन्यात असे आकडे दिले होते, जे त्या महिन्यात जगातल्या कुणाकडेच नव्हते. त्या फेब्रुवारीत अंदाज करायला बसलेल्या माणसाच्या हाती होता तो हा फळीवरचा, घसरलेला आकडा. आणि आज आमच्याकडे गेल्या काही महिन्यांचे होते तेही असेच कच्चे. कपाटाला कुलूप होतं आणि पेपर राजरोस पुढच्या दाराने फुटला होता.

मी डबा परत फळीवर ठेवला असता तर कुणाला कळलं नसतं. डागावर डबा बसवून ठेवायचा, बस्स. खोटं कशाला बोलू, एवढा विचार माझ्या मनात येऊन गेला. नवऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला, मी भाजी वाढताना तो बघायचा तसा. मग मी हाक मारली, "सर, जरा इकडे या."

सर आले, फळीत डोकं घालून कागद वाचला, आणि जे ओरडले! "सापडला! अगं ए, सापडला! पेपर फुटला होता!" काकू धावत आल्या, त्यांना वाटलं झुरळ. सरांनी त्या दिवशी पोहे दोनदा घेतले, वर भात जेवले, आणि बोटं चाटत मला म्हणाले, "तू जीनियस आहेस, यार." मला मात्र त्यांचा असा राग आला की सांगता सोय नाही. मी म्हटलं, "सर, ह्यात माझ्या नवऱ्याची नोकरी आहे. तुम्हाला आनंद कसला होतोय?" त्यांनी ताट बाजूला सारलं. मग हळू म्हणाले, "खोट्या आकड्यावर वाचलेली नोकरी किती महिने वाचते गं?"  मला रडू आलं आणि काकूंनी मला जवळ घेतलं, आणि मला घेऊनच सरांना दोन शब्द सुनावले.

आता प्रश्न असा, की त्या वेळचे कच्चे आकडे आणायचे कुठून? दुरुस्त पुस्तक आलं की जुनी पत्रकं कोण ठेवतो? कचेरीत नव्हती, वाचनालयात नव्हती. ती होती सोसायटीत. सगळी बिऱ्हाडं एकाच खात्यातली, आणि सगळ्यांच्या फळ्यांवर तोच छान जाड कागद. संध्याकाळच्या आत सर आणि मी दारोदार फिरून आलो आणि मग जी काही धमाल उडाली! एकेक बाल्कनीतून बायका ओरडून सांगायला लागल्या. "हमारे यहाँ अक्टूबर है, दो-दो!" "भाई साहब, मेरी जुलाई पे तो अचार गिरा है!" सर खालून ओरडायचे, "चलेगा, बहनजी, आने दो!" एका तमिळ काकूंनी ट्रंकेच्या तळातून अख्खं अर्धं वर्ष काढून दिलं, डांबरगोळ्यांचा वास असलेलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त साहेब म्हणाले, कागद देतो, पण बदली दुसरा आणून आमची फळी परत लावून द्या. त्यांची फळी मी लावून दिली. देशाच्या औद्योगिक उत्पादनावर हळदीची बोटं, तेलाची वर्तुळं, कुठे साखरेला आलेली मुंगी चिकटलेली. काही महिने मिळालेच नाहीत. "ते कोरे ठेव," सर म्हणाले. "नाही ते नाही."

ह्या कळकट आकड्यांवर गणित पुन्हा केलं आणि ते सुंदर जुळणं गेलं ते गेलंच. आता गणित सांगत होतं, माल बहुधा थोडा उठेल. पण बराच खालीही जाऊ शकेल. वरचा आकडा इथे, खालचा आकडा पार तिथे. डायरेक्टरसाहेब तडकले. ग्राहकाला एक आकडा हवा असतो, पसारा नव्हे. "दर्जी कभी बोलता है क्या, छत्तीस से चवालीस?" सर म्हणाले, "बढ़ते बच्चे का कपड़ा हो तो सिलाई में दबाके रखता है, साहब." साहेबांना हसू आलं, पण ते दाबून ते म्हणाले, काम गेलं तर तुमचा विभाग राहणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

फरीदाबादला मालकांच्या केबिनमध्ये मी आलेख काढलेल्या पारदर्शिका, म्हणजे प्लॅस्टिकचे कागद, धरून बसले होते. मालक म्हणजे जुन्या वळणाचे पंजाबी गृहस्थ, बोलणं थेट. "ऊपर-नीचे छोड़ो जी. शिफ्ट रखूँ कि बंद करूँ?" सर म्हणाले, ते मी सांगणार नाही. मी एवढंच सांगेन, की बाजार खाली गेला तर कुठपर्यंत जाईल. ह्याच्याखाली जायची भीती फार कमी. आणि त्यांनी खालच्या आकड्यावर बोट ठेवलं. "इतना झेल सकते हैं आप?"

मालक त्या बोटाकडे बघत राहिले.  मला बाहेरच्या मशिनांचा आवाज येत होता आणि माझा नवरा त्यातल्या कुठल्या मशिनापाशी असेल, एवढंच डोक्यात घुमत होतं. मग मालकांनी खुर्चीत मागे टेकून श्वास सोडला. "तंगी में, पर झेल लूँगा." आणि मग म्हणाले, "पंडितजी, मेरे पास जो भी आया, ऊपर का सपना बेचने आया. नीचे कितना है, ये किसी ने बताया ही नहीं. उसी से तो डर के शिफ्ट बंद कर रहा था." सरांना ज्योतिष्यासारखं पंडितजी म्हटलेलं मुळीच आवडायचं नाही. त्या दिवशी त्यांनी ते गिळलं.

पाळी राहिली. पण बाजार वर गेला असं समजू नका. तो घसरला. मधल्या अंदाजाच्याही खाली गेला आणि खालच्या आकड्याच्या जरा वर येऊन टेकला. मालक तयारीत होते. त्यांनी रिकाम्या वेळात राहून गेलेली मशिनांची दुरुस्ती काढली, माणसांना पाळीपाळीने गावी पाठवलं, कच्चा माल बेताने घेतला. शेजारच्या कारखान्याच्या गेटला टाळं लागलं. इथे एकालाही काढलं नाही. आणि थंडी पडता पडता ऑर्डरी परत यायला लागल्या, आधी थेंबथेंब, मग बऱ्यापैकी. मालकांनी सरांना फोन केला. "आपने बोला था, इतना गिर सकता है. गिरा. पर हम बैठे थे तैयार."

सरांनी फोन ठेवला आणि चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग मला म्हणाले, "जन्मभर औद्योगिक उत्पादन मोजलं. कारखान्यात गेलो तोही केबिनपुरता, कामाला जाणारी माणसं कधी बघितलीच नाहीत. तुझ्या नवऱ्याची शिफ्ट बघायचीय मला."

आम्ही दोघं दुपारच्या शटल गाडीने फरीदाबादला गेलो. गेटसमोर चणेवाल्याच्या गाडीपाशी उभे राहिलो. भोंगा झाला. सायकली, मफलर, जेवणाचे डबे, भोजपुरी, गढवाली, हरियाणवी, सगळं एकदम गेटात शिरायला लागलं. सर टाचा उंचावून बघत होते. "ह्यातला एकही आमच्या माळांत दिसत नाही, यार," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तुझा नवरा कुठला?"

"तो काय, निळा स्वेटर. मी विणलेला. बाह्या आखूड झाल्यात." नवऱ्याने आम्हाला पाहिलं नव्हतं. कुणाच्या तरी विनोदाला हसत, कार्ड दाखवून तो दारातून आत गेला.

"गेला आत," सर म्हणाले. माझे डोळे केव्हाचेच भरले होते, मी ते पुसलेही नाहीत. गर्दी ओसरली, गेट लागलं, रस्त्यावर आम्ही दोघंच उरलो. पहारेकरी आमच्याकडे आला. "किससे मिलना है जी?"

"किसी से नहीं," सर म्हणाले. "मिल लिए."